नाकेदार मला ‘वं’ म्हणाला

मी शेगावच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते, खरं सांगायचं तर, हसायला. रिकाम्या रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या बाया, उलट्या पायांचे म्हातारे... मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी ते साभिनय वाचून दाखवायचे आणि शेवटी “यांची एकदा शुगर तपासा रे कोणीतरी” असं म्हणून अंक मिटवायचे. माहेरीही तेच वळण. बाबा म्हणायचे, ज्या दिवशी आपल्या घरातले देव्हारे गेले त्याच दिवशी भुतंही गेली, दोघांचं रेशनकार्ड एकच होतं. तर आज मीच हे लिहायला बसले आहे, याचा माझ्या सहकाऱ्यांना जो काही आनंद घ्यायचा असेल तो त्यांनी मनसोक्त घ्यावा. मला हे कुठेतरी एकदा सांगायचं आहे, कारण घरात ज्याला सांगितलं त्याने मला उलट एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला दोन वर्षं झाली तरी देता आलेलं नाही.

माहेर जानेफळचं. शेगावहून खामगाव आणि तिथून मेहकरची गाडी – घाटाखालून घाटावर यायला अडीच तास धरून चाला, तेही गाडी वेळेवर सुटली तर. बाबा लाइनमन होते. पण गावात त्यांची ओळख खांबावरची नाही, स्टेजवरची. दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीत नाटक व्हायचं आणि त्यात वीस-बावीस वर्षं बाबांनी एकच काम केलं – दुष्ट पाटील. लहानपणी ज्या माणसाला खऱ्या पाटलाच्या ओसरीवर पाय ठेवू दिला नाही, तो माणूस फेटा बांधून खुर्चीत बसला की पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागायची. अजूनही आमच्या घराला ‘पाटलाचं घर’ म्हणतात. आडनाव पाटील नाही, आणि जात तर त्याहून नाही... पण पत्ता विचाराल तर हाच सांगतील.

माझा धाकटा भाऊ प्रशिक पुण्यात असतो. इंजिनियर झाला, चांगली नोकरी लागली, ती सोडली आणि दोन मित्रांबरोबर व्हिडिओ गेम बनवायला घेतला. पस्तिशी ओलांडलेला माणूस गेम बनवतो ही गोष्ट मी सासरी वर्षभर लपवून ठेवली होती. एकट्याने खेळायचा गेम. समोर दुसरा खेळाडू नाही, फक्त तुम्ही आणि गेममधला खलनायक. प्रशिकचं म्हणणं, असा गेम नायकावर उभा राहत नाही. नायक काय, कोणीही असतो, तुम्हीच असता. दहा वर्षांनी लोकांना आठवतो तो खलनायक, कारण तेवढे दिवस तो दुसऱ्या कोणाशी नाही, तुमच्या एकट्याशी बोललेला असतो.

एका दिवाळीत तो हे सगळं घरी रंगवून सांगत होता. बाबा बाजेवर पडून ऐकत होते. मधेच म्हणाले, “तुह्या त्या खलनायकाच्या हाती काय हाय?”

“तलवार आहे बाबा. पुढच्या लेव्हलला बंदूक.”

“फेकून दे दोन्ही. मारनारा मानूस ध्यानात राह्यत नाई. थांबवनारा राह्यते.” मग उठून बसले. “तहसीलात जाय, दवाखान्यात जाय, ब्यांकेत जाय. खुर्चीतला मानूस मारते का तुले? नुसता ‘थांब’ म्हन्ते. मी साठ वर्सं आयकला तो शब्द. मले इचार.”

प्रशिकने खरंच तलवार फेकून दिली आणि नाकेदार तयार केला. डोंगरातलं एक गाव. बाहेर पडायला एकच घाट. घाटाच्या तोंडाशी नाका – आडवा बांबू, बांबूशेजारी खुर्ची, खुर्चीत भरघोस मिशांचा नाकेदार. नायकाला बाकी काही नको, फक्त गावाबाहेर पडायचंय. नाकेदार दर वेळी तेच तीन प्रश्न विचारतो. “कुठून आला बे? कुठी चालला बे? तिकडं कोन वाट पाह्यते तुही?” खाली चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. कुठलंही निवडा, तो शांतपणे “थांब” म्हणतो आणि एखादा दाखला आणायला गावात परत पाठवतो. असे सात दाखले. दाखला आणेपर्यंत नायकाचं काहीतरी हरवलेलं असतं. आधी चपला, मग घराची किल्ली, मग स्वतःचं नाव. सातही जमले तरच बांबू वर जातो.

नाकेदाराचा आवाज अर्थातच बाबांचा. रेकॉर्डिंग जानेफळलाच झालं. आवाज घुमू नये म्हणून मोठ्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, पंखा बंद, कूलर बंद, आणि मधोमध घामाने निथळणारे बाबा. प्रशिकने एकूण बासष्ट वाक्यं लिहून आणली होती. पुण्यात मित्रांनी ते ‘मले-तुले’ ऐकलं आणि पोट धरून हसले म्हणे, विनोदी वाटतंय, जरा शुद्ध करून घेऊ का? बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी पानाला चुना लावता लावता एवढंच म्हटलं, “हासू दे. नाक्यावर चार खेपा होऊ दे त्याइच्या.” चार खेपांनंतर खरोखरच कोणी हसलं नाही.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, मार्च संपता संपता, बाबांना लकवा मारला.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. खामगावच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. एकोणिसाव्या दिवशी नर्सने सुई टोचायला हात धरला तेव्हा बाबांच्या तोंडून पहिला शब्द फुटला. “थांब.” आम्ही दोघं भाऊ-बहीण आनंदाने रडलो. मग त्यांनी पाण्याकडे बघून “थांब” म्हटलं, खिडकीकडे बघून म्हटलं, प्रशिककडे बघून म्हटलं, आणि आमचं रडणं हळूहळू वेगळंच होत गेलं. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूतली बोलण्याची जागा बाद झाली की कधीकधी एखादाच शब्द हाताशी राहतो आणि माणूस तोच सगळ्याला वापरतो. कोणता राहील हे कोणाच्या हातात नसतं. यात चमत्कार काही नाही, हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. पण बासष्ट वाक्यं बोललेल्या माणसाकडे नेमका हाच राहावा, याची चीड आली ती आलीच.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तशी मी बॅग भरून जानेफळला आले. नवरा आणि मुलगी शेगावला. मदतीला शेजारच्या शकीलाबी – आमच्या मोठ्या खोलीची भिंत आणि त्यांच्या शिलाई मशीनच्या खोलीची भिंत एकच. आईच्या जिवाभावाच्या. बाबांना कुशीवर वळवायचं असलं की मी भिंतीवर दोनदा हात मारायचे आणि त्या गळ्यात टेप तसाच ठेवून यायच्या.

प्रशिकने पुण्यात एक केंद्र शोधलं होतं. व्यायाम, बोलण्याचे धडे, चोवीस तास माणसं, शिवाय त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर. जूनमधल्या एका रविवारी गाडी यायची ठरली, म्हणजे आमच्या शाळा उघडायच्या आत. सगळं रीतसर होतं. फक्त बाबांना जायचं आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

“बाबा, पुन्याले जाता का?” मी विचारायचे.

“थांब.”

“मंग इथंच राह्यता?”

“थांब.”

मान हलवायचे, पण त्या मानेवर भरवसा नव्हता. चहा हवा म्हणून जोरात हो-हो केलं आणि कप ओठाला लावला तर डाव्या हाताने उडवून दिला, असं दोनदा झालं. माणूस आत पुरा जागा आहे, डोळ्यांत सगळं आहे, आणि दार एकच, त्यावर तो एकच शब्द बसलेला.

आणि तो शब्द मलाही बाहेर पडू देत नव्हता, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. मी खोलीतून उठले की मागून “थांब”. भांडी घासायला गेले की “थांब”. परत यावं, विचारावं – पाणी? कूस? खिडकी? – आणि कशालाच उत्तर नाही. मुलगी दहावीत गेली होती, तिचे क्लासेस सुरू झाले होते. आधी दिवसातून तीनदा फोन करायची. जूनपर्यंत ती वेणीच्या क्लिपा कुठे आहेत हेसुद्धा बापाला विचारायला लागली. तो बापडा मला फोन करून विचारायचा. मला बाबांचा राग यायला लागला होता. न्हाणीघरात नळ सोडून बसले की तेवढी दहा मिनिटं माझी. पुण्याची गाडी येईल आणि आपण सुटू, असं मनात यायचं, आणि मग, ज्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं त्याला अनोळखी माणसांत पाठवायची घाई झाली का तुला, असंही यायचं. दोन्हीकडून अडकले होते.

बोलण्याचे धडे देणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, त्यांचा स्वतःचा जुना आवाज ऐकवा. नाटकाचं रेकॉर्डिंग कोण ठेवतंय? होता तो नाकेदार. म्हणून प्रशिकने एक लॅपटॉप घरी ठेवला, त्यात तो अर्धाकच्चा गेम, आणि मी रोज दुपारी जेवणं झाल्यावर खेळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. लोखंडी पेटीवर लॅपटॉप, समोर स्टुलावर मी, आणि माझ्या पाठीमागे बाबांची खाट – उशा लावून त्यांना उंच बसवायचं, म्हणजे माझ्या खांद्यावरून स्क्रीन दिसेल. ही मांडणी नीट लक्षात घ्या. बाबा माझ्या मागे होते.

मी अत्यंत वाईट खेळायचे. दरीत पडायचे, भिंतीला धडकत राहायचे. पण नाक्यावर पोचले आणि “कुठून आला बे?” झालं की मागे बाबांचा डावा हात खाटेच्या दांडीवर ठक ठक वाजायचा. त्यांना ते आवडायचं. तीन आठवड्यांत मी सहा दाखले जमवले. सातवा काही सापडेना.

गाडी यायच्या आधीचा बुधवार. दुपारचे दोन वाजून गेलेले. बाहेर चिटपाखरू नाही, पाऊस अजून लांब होता आणि कूलर नुसता ओला वारा फेकत होता. मी सहा दाखल्यांवर नाक्याकडे निघाले, सातवा नसताना, कारण कंटाळले होते. नायकाच्या पायात चपला नाहीत, जवळ किल्ली नाही, नाव नाही. तेवढ्यात लाइन गेली. कूलर बंद पडला. भिंतीपलीकडचं शकीलाबींचं मोटर लावलेलं मशीनही थांबलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाबांचा श्वास ऐकू यायला लागला.

नाकेदाराने मान वर केली.

“कुठून आली वं?”

मला लगेच कळलंच नाही. रोज ऐकून कान निर्ढावलेले. खाली वाक्य छापून येतं तेही रोजचंच होतं – ‘कुठून आला बे?’ मी उत्तरांची वाट बघत राहिले. चार उत्तरं आली नाहीत.

“कुठी चालली वं माय?”

आता मात्र कळलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते – आमच्याकडे पुरुषाला ‘बे’ म्हणतात, बाईला ‘वं’. गेमचा नायक पुरुष. बासष्टच्या बासष्ट वाक्यं पुरुषाला उद्देशून. आला, चालला, बे. त्यात ‘आली’ नाही, ‘चालली’ नाही, ‘वं’ तर नाहीच नाही. आणि ‘माय’... माय बाबा मला म्हणायचे. एकटीलाच. खाली अजूनही छापलेलं होतं, ‘कुठी चालला बे?’

मी बाहेर पडायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग सगळीच बटणं दाबली. खेळातला नायक बांबूसमोर उभाच्या उभा. लॅपटॉपचं झाकण मिटता आलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा सुचलंच नाही.

“तिकडं कोन वाट पाह्यते तुही?”

हा प्रश्न जसाच्या तसा रेकॉर्डिंगमधला. त्यात ‘तुही’ आहे ती वाट, माणूस नाही, त्यामुळे तो पुरुषालाही तोच आणि बाईलाही तोच. पण हे व्याकरण मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी स्क्रीनकडे बघत मोठ्याने उत्तर दिलं. शाळेत शिकवते ती मराठी कुठल्या कुठे गेली.

“पोरगी वाट पाह्यते, बाबा. दहावीले गेली ते. मले घरी जायचं हाय. पन तुमाले टाकून कशी जाऊ? पुन्याले धाडू का नको धाडू, तुमी काहीच सांगत नाई. नुसतं थांब म्हन्ता...”

आणि मी रडायला लागले. एका व्हिडिओ गेमसमोर, भर दुपारी, बेचाळीस वर्षांची बाई.

किती वेळ गेला माहीत नाही. फार नसेल. मग आवाज आला. हळू, घोगरा, प्रत्येक शब्द ओढून काढल्यासारखा.

“मले थांबू दे इथं. तू थांबू नको.”

खालची पट्टी कोरी होती. अक्षर नाही. मिशीखालचे ओठ हलले असं मला वाटतं, पण डोळ्यांत पाणी होतं, शपथेवर सांगणार नाही. शपथेवर सांगेन ते एवढंच, की बांबू वर गेला. सहाच दाखल्यांवर. पलीकडचा रस्ता मी पहिल्यांदा बघितला, साधाच होता, दोन्ही बाजूंनी सागाची झाडं.

मी गर्रकन मागे वळले. बाबा स्क्रीनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. छाती जोरात वरखाली होत होती. डाव्या डोळ्यातून पाणी हनुवटीपर्यंत गेलेलं.

“बाबा! तुमी बोल्ले? बाबा, आता तुमीच बोल्ले ना?”

ओठ थरथरले. खूप जोर लावला त्यांनी.

“थांब,” म्हणाले.

मिनिटभरात शकीलाबी आल्या. मी भिंत वाजवली नव्हती. गळ्यात टेप, हातात अर्धं शिवलेलं झबलं, आणि चेहरा उजळलेला. “सुजाता, भाऊ बोलले का वं? साफ आयकलं मी. ‘तू थांबू नको’ म्हनले.”

मी म्हटलं, “शकीलामावशी, ते याच्यातलं असंल. लॅपटॉपमधलं.”

“त्याच्यातल्या पाटलाले मी महिनाभरापासून आयकून राह्यली भिंतीतून. त्याचा आवाज मले पाठ झाला. तो येगळा.” खाटेजवळ जाऊन त्यांनी बाबांच्या कपाळावरून हात फिरवला. “हे भाऊ होते.”

आता मला सांगा, मी काय समजायचं? बाबा बोलले असतील तर आवाज माझ्या मागून यायला हवा होता. तो पुढून आला, हे मी माझ्या दोन्ही कानांच्या भरवशावर सांगते. आणि बाबा बोलले असतील तर बांबू कोणी उचलला? आणि बाबा बोलले नसतील तर शकीलाबींना भिंतीतून जो आवाज ऐकू आला तो वेगळा कसा?

त्याच संध्याकाळी प्रशिकला फोन केला. तो शनिवारी आला आणि आल्याबरोबर लॅपटॉप घेऊन बसला. चहा गार झाला, परत केला, परत गार झाला. शेवटी म्हणाला, “ताई, सहा दाखल्यांवर हे फाटक उघडूच शकत नाही. पण उघडलंय. इथे नोंद आहे, बुधवार, दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटं. बग असेल.” त्यांच्या धंद्यात भुताला बग म्हणतात. आवाजाच्या फायली त्याने एकेक करून मला ऐकवल्या, बासष्टच होत्या. ‘वं’ नव्हतं. ‘माय’ नव्हतं. ‘थांबू नको’ नव्हतं. बाबांसमोर नाक्यापर्यंत खेळून दाखवलं, तर नाकेदार आपला रोजचा – आला बे, चालला बे.

खामगावच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एखाद्या वेळी मनावर ताण आला की अडकलेला शब्द बाहेर पडतो, अशक्य नाही. पण दोन अख्खी वाक्यं... “मी ऐकली असती तर काही सांगितलं असतं,” म्हणाले. सरळ माणूस.

रात्री ओसरीवर प्रशिकने विचारलं. रागाने नाही विचारलं, हेच वाईट. बारा वर्षं पुण्यात राहून मला-तुला झालेला माझा भाऊ एकदम घरच्या भाषेत आला. “ताई, एक इचारू? तुले घरी जायचं होतं. म्हनून तर नाई आयकू आलं तुले?”

बघा ना – त्या दोन वाक्यांत माझी दोन्हीकडून सुटका होती. बाबांना घरातून हलवायचं नाही, आणि मीही अडकून पडायचं नाही. थकलेल्या मुलीने स्वतःसाठी एखादं वाक्य लिहायचं ठरवलं असतं तर तिने नेमकं हेच लिहिलं असतं. मी विज्ञान शिकवते. माणसाचं मन त्याला हवं तेच ऐकतं, हे मीच पोरांना सांगते, उदाहरणं देऊन सांगते.

रविवारी सकाळी नऊला पुण्याची गाडी आली. प्रशिकने बाबांना शेवटचं विचारलं, दोन्ही बाजूंनी विचारलं. थांब. थांब. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, दादा, चहा घ्या आणि रिकामी न्या गाडी. हे मी बोलले, माझ्या तोंडाने. नाकेदाराने नाही सांगितलं, बाबांनीही नाही. उद्या कोणी जाब विचारला तर तो मलाच विचारावा, म्हणून हे लिहून ठेवते.

प्रशिक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आता महिन्यातला एक आठवडा जानेफळला येऊन काम करतो. गावातल्याच एक नर्सिंग शिकलेल्या बाई दिवसभर असतात, बाकी शकीलाबी आहेत. पुण्यात असते तर बाबा आज चालले असते का, बोलले असते का, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. जानेफळला ते तसेच आहेत. गेम बाजारात आला. खेळणारे लिहितात की नाकेदार स्वप्नात येतो, असा खलनायक बघितला नाही. त्यांत बायाही पुष्कळ आहेत. एकीलाही तो ‘वं’ म्हणालेला नाही, आणि सहा दाखल्यांवर कोणासाठीही बांबू उचललेला नाही. प्रशिकने तो बग पुष्कळ शोधला. मी कारण शोधायचं सोडून दिलं आहे. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, फक्त ‘मनाचे खेळ’ एवढंच म्हणायचं असेल तर तसदी घेऊ नका, ते मी स्वतःला रोज सांगते.

एक गोष्ट मात्र प्रशिकलाही सांगितलेली नाही. मी दर शनिवारी शाळा सुटली की जानेफळला जाते आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत फिरते. बाबा अजूनही चहाला “थांब” म्हणतात, पाण्याला म्हणतात, प्रशिकला म्हणतात, भिंतीवरच्या पालीलाही म्हणतात. पण मी बॅग उचलून उठले की गप्प राहतात. त्या बुधवारपासून एकदाही नाही. नुसते बघतात. ज्या शब्दाला कंटाळून मी नळ सोडून बसायचे, तो एकदा तरी मागून यावा म्हणून आता मी पायरीवर उगाच रेंगाळते, चप्पल काढते, परत घालते. आतून काही येत नाही. मग गाडी चुकेल म्हणून निघते.